आमदाराला कामाला कसे लावायचे?

कोल्हापूर शहरातील सुमारे 50 किलोमीटर रस्ते खासगीकरणातून झाले आणि त्यापोटी 30 वर्षे टोल भरण्याची वेळ शहरावर आली. त्याविरुद्ध सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे हे तिचे आधारस्तंभ होते. मोर्चे, बंद, उपोषणे वर्षानुवर्षे चालली. सत्ता बदलली, पण मागणी बदलली नाही. अखेर डिसेंबर 2015 मध्ये सरकारने टोल रद्द केला. रस्ते करणाऱ्या कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीवर आली.

यातून शिकण्यासारखे बरेच आहे. मागणी एकच आणि नेमकी ठेवा. समितीत सगळ्या पक्षांना घ्या, म्हणजे कोणत्याच आमदाराला ‘हे विरोधकांचे आंदोलन’ म्हणता येत नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनापूर्वी आमदाराला निवेदन द्या, त्याची पोच घ्या आणि सभागृहात तारांकित प्रश्न विचारायला किंवा लक्षवेधी सूचना मांडायला सांगा. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले उत्तर कामकाजात नोंदले जाते. पुढचा पाठपुरावा त्याच्याच आधारे करता येतो. जानेवारी 2014 मध्ये कोल्हापुरात टोलनाके पेटले, पण टोल रद्द व्हायला त्यानंतरही जवळपास दोन वर्षे लागली. जाळपोळीपेक्षा चिकाटीच कामी येते.