प्रचालक दंड, जीपगाडीचा

दंतचक्रपेटीतून किंवा शक्तिविभाजक पेटीतून बाहेर पडणारी परिभ्रमी गती आसावरील भेदी दंतचक्रमालेपर्यंत पोहोचविणाऱ्या पोकळ पोलादी दंडास प्रचालक दंड म्हणतात. गॅरेजमध्ये तो प्रॉपेलर शाफ्ट किंवा नुसता शाफ्ट या नावाने ओळखला जातो. एंजिन व दंतचक्रपेटी गाडीच्या सांगाड्यावर बसविलेली असतात, तर आस पाट्यांच्या कमानींना जोडलेला असल्यामुळे रस्त्यातील खाचखळग्यांनुसार वरखाली होतो. त्यामुळे दोहोंमधील अंतर व कोन सतत बदलत राहतात. हा बदल सामावून घेण्यासाठी दंडाच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी एक सार्वत्रिक सांधा व एका टोकाजवळ एक सरकता सांधा असतो. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जीपमध्ये शक्तिविभाजक पेटीपासून मागच्या व पुढच्या आसाकडे जाणारे असे दोन प्रचालक दंड असतात [→ मोटारगाडी].

इतिहास : कोनात वळणाऱ्या सांध्याशी जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) या इटालियन गणितज्ञांचे नाव जोडले गेले आहे. रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी सतराव्या शतकात त्याचा प्रत्यक्ष उपयोग केला, म्हणून त्यास हुक सांधा असेही म्हणतात. आरंभीच्या बहुतेक मोटारगाड्यांत चाकांना साखळीने किंवा पट्ट्याने गती दिली जाई. फ्रान्समध्ये लूई रनो यांनी १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दंडाचा वापर केला. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये सार्वत्रिक सांध्याचे एकस्व मिळाले व पुढील वर्षी त्यांनी उत्पादनास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये याच प्रकारचे सांधे होते. पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या कंपनीने १९४७ नंतरच्या काळात या जीपची भारतात जुळणी करण्यास सुरुवात केली आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही गाडी व तिची दुरुस्ती करणारे कारागीर दोन्ही रुजले.

रचना व कार्य : सार्वत्रिक सांध्यात दोन दुशाखी तुकडे एका फुलीच्या आकाराच्या तुकड्याने जोडलेले असतात. या तुकड्याला कारागीर क्रॉस म्हणतात. त्याच्या चारही भुजांवर पेल्यासारख्या टोप्या बसतात आणि प्रत्येक टोपीच्या आत बारीक सुयांसारख्या रुळांचा धारवा असतो. सरकत्या सांध्यात उभे चर पाडलेला एक दंड तशाच चरांच्या नळीत मागेपुढे सरकतो, पण दोन्ही एकत्रच फिरतात.

दंडावर येणारा पीळ गाडीच्या वेगावर नव्हे, तर दंतचक्रांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. उदा., एंजिनाचे परिबल १५ किग्रॅ.-मी., पहिल्या गतीचे गुणोत्तर २·८ आणि शक्तिविभाजक पेटीतील मंद गतीचे गुणोत्तर २·४६ असल्यास दंडांपर्यंत पोहोचणारे परिबल सु. १०३ किग्रॅ.-मी., म्हणजे एंजिनाच्या जवळजवळ सातपट होते. त्यामुळे चिखलात रुतलेली गाडी मंद गतीत एकदम क्लच सोडून काढताना सांध्यांवर सर्वांत मोठा आघात होतो. याउलट डांबरी रस्त्यावर पीळ कमी असला, तरी फेरे वाढतात. आसाचे गुणोत्तर ५·३८ व चाकाचा परिघ सु. २·२ मी. असलेल्या जुन्या जीपमध्ये ताशी ६० किमी. वेगाला प्रचालक दंडाचे मिनिटाला सु. २,४०० फेरे होतात. या वेगाला दंडाचा थोडासा असमतोलही कंप निर्माण करतो.

एका सार्वत्रिक सांध्यातून जाणारी गती कोनामुळे असमान होते. आदान दंड एकसारखा फिरत असला, तरी प्रदान दंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगवान व दोनदा मंद होतो. कोन १०° असताना हा फरक सु. दीड टक्का, तर २०° असताना सु. सहा टक्के असतो. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात ठेवला आणि दंडाच्या दोन्ही टोकांच्या दुशाख्या एकाच प्रतलात असल्या, तर पहिल्या सांध्याने निर्माण केलेली असमानता दुसरा सांधा नाहीशी करतो. सरकता सांधा जोडताना एका चराची जरी चूक झाली, तरी ही जुळणी बिघडते व नवे धारवे बसवूनही गाडी थरथरते. कोन लहान असावा हे खरे, पण तो अगदी शून्य असणेही इष्ट नाही. कारण मग रूळ जागचे हालत नाहीत व एकाच ठिकाणी दाबले जाऊन भुजांवर खाचा पाडतात.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याचा डोंगराळ भाग, मध्ये पूर्णेचे सखल खोरे व दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा आणि पठार आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो, तर खामगावचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगून चिकट होते. शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या दंडावर तिचा थर बसून वाळला, म्हणजे दंडाचा समतोल जातो व धारवा झिजला आहे असा चुकीचा ग्रह होतो. म्हणून कंपाची तक्रार असल्यास प्रथम दंड धुऊन पाहणे योग्य ठरते. पऱ्हाटीच्या काड्या, तार वा दोरी दंडाभोवती गुंडाळली जाऊन टोप्यांच्या तोंडाशी असलेली रबरी वा बुचाची सीलबंदी फाटते. पावसाळ्यात नाले ओलांडताना पाणी व बारीक रेती आत शिरते आणि ग्रीज धुऊन निघते. वनातील दगडी वाटांवर दंड आपटून त्याला पोचा पडण्याचा धोका असतो. असा दंड बहुधा बदलावाच लागतो, कारण पातळ नळीला पडलेला पोचा तिचे बळ व समतोल दोन्ही घटवितो.

दोषांची लक्षणे : गाडी सुरू करताना किंवा पुढची गती बदलून मागची घेताना ‘टक्’ असा धातूचा आवाज येणे, वेगाबरोबर वाढणारी चिमणीसारखी किचकिच आणि विशिष्ट वेगाला जाणवणारा कंप ही प्रमुख लक्षणे होत. किचकिच कोरड्या धारव्याची असते. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसल्यास आतील रूळ गंजून दळले जात आहेत असे निश्चित समजावे. असा सांधा ग्रीज भरून वाचत नाही. ‘टक्’ आवाज मात्र सरकत्या सांध्यातील किंवा भेदी दंतचक्रमालेतील ढिलेपणामुळेही येतो. म्हणून गाडीची चाके अडवून व दंतचक्रपेटी तटस्थ ठेवून दंड हाताने उलटसुलट फिरवावा आणि नेमका कोठे खेळ आहे ते पाहावे. सांध्याच्या दोन दुशाख्यांमध्ये खेळ दिसल्यास क्रॉस बदलणे आवश्यक असते.

निगा : निपल असलेल्या सांध्यांत व सरकत्या सांध्यात उत्पादकाने सांगितलेल्या अंतरानंतर ग्रीज भरतात, पाण्यातून गाडी नेल्यास त्याच दिवशी भरणे हितावह ठरते. जुने, मळके ग्रीज चारही टोप्यांतून बाहेर येऊन मागोमाग स्वच्छ ग्रीज दिसू लागेपर्यंत भरावे. एखाद्या टोपीतून ते न आल्यास त्या भुजेचा मार्ग बुजलेला असतो व सर्वप्रथम तीच भुजा झिजते. सरकत्या सांध्यात मात्र अतिरिक्त ग्रीज भरू नये. कोंडलेले ग्रीज दंडास आत सरकू देत नाही व खड्ड्यात आस वर उचलला जाताच पेटीच्या धारव्यांवर दाब येतो. दंडावर वितळजोडाने बसविलेल्या लहान पोलादी पट्ट्या समतोलासाठी असतात. त्या काढू नयेत. कोरड्या कठीण रस्त्यावर पुढच्या आसाची जोडणी गुंतवून गाडी चालवू नये, कारण वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात व तो फरक दंडांत पिळाच्या रूपाने साठतो.

बदली : विलिस नमुन्याच्या जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून शक्तिविभाजक पेटीच्या मागील बाजूस, प्रचालक दंडाच्या मुळाशी असलेल्या ड्रमवर काम करतो. दंड सुटताच ड्रम व मागची चाके यांचा संबंध तुटतो. गाडी गतीत ठेवली असली, तरी एंजिनाचा रोधही त्याच क्षणी संपतो. म्हणून उतारावर दंड सोडणे ही जीवघेणी चूक ठरू शकते. सपाट जागा निवडणे, चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे लावणे, किल्ली काढून घेणे व गाडी उचलावी लागल्यास ती जॅकवर न सोडता घोड्यांवर टेकविणे ही पूर्वतयारी कामाचाच भाग होय.

दंड सोडण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या दुशाख्यांवर व सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर खडूने किंवा टोचणीने खुणा करतात. प्रथम आसाकडील बोल्ट काढून दंडाला खालून आधार देतात. तो एका सांध्यावर लोंबकळत ठेवल्यास टोप्या व भुजा दुखावतात. सुट्या झालेल्या टोप्या दोरीने बांधल्या, तर रूळ मातीत सांडत नाहीत. दंड बाहेर काढल्यावर दुशाखीतील स्प्रिंगी कड्या पक्कडीने काढतात आणि शेगड्याच्या जबड्यात दोन योग्य मापांच्या सॉकेटांमध्ये सांधा दाबून टोप्या बाहेर सरकवितात. शेगड्यात पातळ नळी कधीही आवळू नये.

नवीन क्रॉस बसविण्यापूर्वी दुशाखीची छिद्रे व कड्यांच्या खोबणी स्वच्छ करतात. टोपीतील रूळ ग्रीजने जागी चिकटवून भूज अलगद आत घालावी. एक जरी रूळ आडवा होऊन तळाशी पडला, तरी टोपी पुरती बसत नाही व कडी खोबणीत जात नाही. अशा वेळी हातोड्याने जोर करण्यापेक्षा सांधा पुन्हा उघडणे शहाणपणाचे असते. कड्या बसल्यावर दुशाखीच्या कानांवर हलके ठोके दिल्यास टोप्या कड्यांना टेकून स्थिरावतात. सांधा चारही दिशांना न अडखळता, पण खेळाविना वळला पाहिजे. त्यानंतर खुणा जुळवून दंड बसवितात, बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या परिबलाने आवळतात व थोडे अंतर गाडी चालवून ते पुन्हा तपासतात.

गाडीची उंची वाढविण्यासाठी कमानी बदलल्यास सांध्यांचे कोन वाढतात व सरकता सांधा बाहेर खेचला जाऊन चरांची पकड कमी होते. म्हणून दंडाची लांबी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना मोजावी व सरकत्या सांध्यास दोन्ही दिशांना पुरेशी जागा उरते याची खात्री करावी.

मार्गात बिघाड : धावत्या गाडीत पेटीकडील सांधा तुटल्यास दंडाचे पुढचे टोक जमिनीत रुतून गाडी उधळण्याची भीती असते, काही गाड्यांत याकरिता दंडाखाली पोलादी कडे बसवितात. घाट उतरताना एंजिनाचा रोध जाऊन सर्व भार पायब्रेकवर येतो. मागचा सांधा निकामी झाल्यास मागचा दंड पूर्ण काढून व पुढच्या आसाची जोडणी गुंतवून गाडी सावकाश जवळच्या गावापर्यंत नेता येते. परंतु हा उपाय सपाट रस्त्यापुरताच मर्यादित असून मुक्कामी चाकांना ठोकळे लावणे अनिवार्य असते.

महिंद्र थार (२०१०) सारख्या नंतरच्या गाड्यांत पुढच्या चाकांना स्वतंत्र निलंबन असून तेथे समवेगी सांध्यांचे आखूड दंड असतात. त्यांना वारंवार ग्रीज द्यावे लागत नाही. मात्र त्यांवरील रबरी आवरण फाटले, की चिखल आत जाऊन सांधा अल्पावधीत निकामी होतो. म्हणून तेथे निगेचा अर्थ आवरणाची नियमित पाहणी असा होतो. पेटीपासून आसापर्यंतच्या लांब दंडांसाठी मात्र स्वस्त, मजबूत व खेड्यातील कारागिरालाही साध्या हत्यारांनी बदलता येणारा क्रॉसचा सांधा पुष्कळ गाड्यांत टिकून आहे.