पडद्यावरील चेंडूचा जनक कोण?

कोणत्याही नवीन शोधाची वार्ता कानीं आली कीं, ‘ह्याचा जनक कोण?’ असा प्रश्न मनुष्य प्रथम विचारतो. प्रश्न साधा दिसला तरी उत्तर साधें असतेंच असें नाहीं. आज लहानथोरांच्या हातांत दिसणाऱ्या व्हिडिओ खेळांची जन्मकथा या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. कारण त्यांच्या जनकत्वाचा वाद थेट न्यायासनापर्यंत गेला.

अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर ब्रुकहेवन ही सरकारी प्रयोगशाळा आहे. तेथील पदार्थविज्ञानवेत्ते विल्यम हिगिनबॉथम यांनीं महायुद्धांत अणुबाँबच्या कामीं भाग घेतला होता. पुढें मात्र अण्वस्त्रांच्या प्रसारास आळा घालण्यासाठीं ते झटले. प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांस मुकीं यंत्रें पाहून कंटाळा येई. म्हणून १९५८ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं एक युक्ति योजिली. विजेच्या लहरी प्रकाशरूपानें दाखविणारें ऑसिलोस्कोप नांवाचें उपकरण असतें. त्याच्या पांच इंची कांचेवर आडवी रेषा म्हणजे टेनिसचें मैदान, लहान उभी रेषा म्हणजे जाळें, आणि उसळणारा प्रकाशबिंदु म्हणजे चेंडू! चेंडूचा मार्ग गणकयंत्र ठरवी. खेळणारानें खुंटी फिरवून फटक्याचा कोन साधावा व कळ दाबावी. लोकांनीं रांगा लावल्या. पुढील वर्षीं पुन्हां एकदां दाखविल्यावर हा खेळ मोडण्यांत आला व त्याचे सुटे भाग दुसऱ्या कामीं लागले. त्याचें पेटंट, म्हणजे शोधावरील सरकारमान्य मक्ता, हिगिनबॉथम यांनीं घेतलें नाहीं.

१९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत स्टीव्ह रसेल व त्यांचे सोबती यांनीं ‘स्पेसवॉर’ हा अंतराळयानांच्या लढाईचा खेळ रचला. तो हवा त्याला फुकट मिळे. परंतु ज्या गणकयंत्रावर तो चाले त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. सोंगट्या फुकट, पट मात्र लाखाचा! असा खेळ घरोघर पोंचणें शक्य नव्हतें.

घराचा विचार केला तो राल्फ बेअर यांनीं. त्यांचा जन्म १९२२ सालीं जर्मनींत एका ज्यू कुटुंबांत झाला. १९३८ सालीं नाझींच्या छळांतून निसटून हें कुटुंब अमेरिकेस आलें. तेथें कारखान्यांत काम करीत बेअर यांनीं टपालाद्वारें रेडिओदुरुस्ती शिकून घेतली, व पुढें एंजिनियर होऊन ते लष्करी उपकरणें करणाऱ्या सँडर्स कंपनींत अधिकारपदास चढले. १९६६ च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या एका बस-स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत बसले असतां त्यांच्या मनांत आलें कीं, घरोघर असलेल्या टेलिव्हिजनकडे नुसतें पाहण्याऐवजीं त्यावर खेळतां कां येऊं नये? १ सप्टेंबर रोजीं त्यांनीं ही कल्पना चार पानांवर मांडली, दिनांक घातला आणि एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

त्यांच्या पेटींत गणकयंत्र नव्हतें. टेलिव्हिजन-केंद्राकडून जसा विद्युत्संदेश येतो तसाच ही पेटी स्वतः निर्माण करी; ती टेलिव्हिजनला जोडली म्हणजे पडद्यावर पांढरे ठिपके उमटत. दोन ठिपके खेळाडूंचे, तिसरा चेंडूचा. १९७२ सालीं मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ही पेटी ‘ओडिसी’ या नांवानें बाजारांत आणली. तिच्यांतून ध्वनि निघत नसे, गुणही खेळणारांनींच मोजावयाचे, आणि मैदान दाखविण्यास पडद्यावर रंगीत पारदर्शक कागद चिकटवावयाचा!

त्याच वर्षाच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत ओडिसीचें प्रदर्शन झालें. तें पाहावयास नोलन बुशनेल हे गेले होते व तेथील नोंदवहींत त्यांनीं सही केली. पुढें जूनमध्यें त्यांनीं टेड डॅबनी यांच्यासह ‘अटारी’ कंपनी स्थापिली, आणि ॲल अल्कॉर्न या तरुण एंजिनियरकडून सरावादाखल एक टेनिसचा खेळ करविला. तोच ‘पाँग’. सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत तें यंत्र ठेविलें. कांहीं दिवसांनीं तें बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न यांनीं उघडून पाहिलें, तों बिघाड निराळाच! पाव डॉलरच्या नाण्यांनीं पैशांचा डबा तुडुंब भरल्यामुळें यंत्र अडलें होतें. एका नव्या धंद्याचा उदय त्या डब्यांत दिसला.

१९७४ सालीं मॅग्नाव्हॉक्सनें दावा लाविला. नोंदवहींतील सही आतां पुरावा ठरली. १९७६ सालीं अटारीनें तडजोड करून परवाना घेतला. दुसऱ्या प्रतिवाद्यांविरुद्धचा निकाल १९७७ सालीं शिकागो येथें न्यायाधीश ग्रेडी यांनीं दिला व बेअर यांचें पेटंट या क्षेत्रांतील आद्य होय असें मानलें. पुढील वादांत प्रतिपक्षानें हिगिनबॉथम यांचा खेळ पुढें केला. परंतु तो टेलिव्हिजनच्या संदेशावर चालणारा नसल्यामुळें पेटंट अबाधित राहिलें.

मग जनक कोण? लोकांस खेळवावें ही बुद्धि हिगिनबॉथम यांना झाली. पण आपला खेळ जपून ठेवावा असें कोणासच वाटलें नाहीं. बुशनेल यांनीं खेळाला गिऱ्हाईक मिळवून दिलें. कायद्यानें मान दिला तो बेअर यांच्या दिनांकित कागदांना. २००६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं बेअर यांस राष्ट्रीय तंत्रज्ञान-पदक अर्पण केलें. कल्पना पुष्कळांना सुचतात. सुचलेली कल्पना त्याच दिवशीं लिहून ठेवणारे थोडे. चार पानें लिहावयास फार तर एक सकाळ लागते. ती सकाळ बेअर यांनीं दवडली नाहीं, एवढेंच या कथेंतून घेण्यासारखें आहे.