तुरुंगाच्या पायथ्याची घरे

तुरुंग म्हटला की उंच भिंती, लोखंडी गज आणि बंदूकधारी पहारेकरी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या भिंतींच्या पायथ्याशी मुले चेंडू खेळत असतील, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील अल्काट्राझ बेटावर १९३४ ते १९६३ या काळात हे दृश्य नित्याचे होते.

हे बेट सॅन फ्रान्सिस्को शहरापासून सुमारे दोन किलोमीटरांवर, उपसागराच्या थंडगार पाण्यात आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे बावीस एकर! टेकडीच्या माथ्यावर तुरुंग होता. इतर तुरुंगांत आवरत नसलेले बंदिवान येथे पाठवीत. पायथ्याशी, धक्क्याच्या वर, लष्कराची एक जुनी बराक होती. पहारेकऱ्यांची अनेक कुटुंबे तीत, आपल्याकडील चाळीत राहतात तशी, शेजारी शेजारी राहत. संकटसमयी माणसे हाताशी असावीत, म्हणून सरकारने त्यांना बेटावरच घरे दिली होती. सारी मिळून साठांच्या आसपास कुटुंबे होती.

बेटावर शाळा नव्हती. मुले दप्तर घेऊन सकाळी बोटीत बसत आणि शहरात शिकून बोटीनेच परतत. बोट चुकली, तर पुढच्या बोटीची वाट पाहत धक्क्यावर उभे राहावे लागे. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नसल्याने पिण्याचे पाणीही बोटीनेच येई. नियम कडक होते. कुत्री-मांजरे पाळण्यास बंदी होती. खेळण्यातल्या बंदुकीसही मज्जाव होता. ती बंदिवानाच्या हाती पडली, तर खरी म्हणून कोणाला धाक घालता येईल, ही त्यामागील भीती. तुरुंगाकडे जाणाऱ्या वाटांवर तर मुलांनी फिरकायचेच नाही. आणि गंमत अशी, की याच बेटावरील कुटुंबे आपल्या घरांना कुलूप लावीत नसत!

तरीही भय दूर नव्हते. २ मे १९४६ रोजी दुपारी सहा बंदिवानांनी पहारेकऱ्यांना पकडून बंदुका हस्तगत केल्या. धक्क्यावर उतरून बोट मिळवावी, असा त्यांचा बेत होता. आणि धक्क्याजवळच बायकामुलांची घरे होती. परंतु बाहेरच्या अंगणाच्या दाराची किल्ली त्यांना वेळेवर सापडली नाही. विल्यम मिलर नावाच्या पहारेकऱ्याने ती लपवून ठेवली होती. बंड ४ मेपर्यंत चालले. दोन पहारेकरी आणि तीन बंदिवान प्राणांस मुकले. त्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक मिलर होता. ते दोन दिवस डोंगरावरून गोळ्यांचे आवाज ऐकू येत असता खालच्या घरांतील माणसांचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावी.

किल्लीचीच आणखी एक हकीकत आहे. एका बंदिवानाला तुरुंगाची किल्ली सापडली. त्याने ती लपविली नाही, पहारेकऱ्याला परत दिली. या प्रामाणिकपणामुळे त्याला बागकामाची परवानगी मिळाली. खडकाळ उतारावर त्याने फुले फुलविली आणि पुढे तो तुरुंगाच्या मुख्याधिकाऱ्याच्या घरीही काम करू लागला. ज्याच्यासाठी पहारा ठेवायचा, तोच अधिकाऱ्याच्या घरात वावरे!

२१ मार्च १९६३ रोजी शेवटचे बंदिवान बेटावरून नेण्यात आले आणि तुरुंग बंद झाला. कुटुंबांनीही आपापले बिऱ्हाड हलविले. बागांना कोणी पाणी घालीना, तरी काही गुलाब आणि अंजिराची झाडे तग धरून राहिली. पुढे बेट लोकांना पाहण्यास खुले झाले. त्यानंतर अनेक वर्षे तेथे ऑगस्टमध्ये मेळावा भरत असे. त्या वेळी बेटावर वाढलेली मुले, आता स्वतः वृद्ध झालेली, निवृत्त पहारेकऱ्यांसह येत. आणि शिक्षा भोगून सुटलेले काही बंदिवानही त्यांच्यात येऊन बसत.