'आम्ही' म्हणजे नेमके कोण?

जुन्नर-आंबेगावच्या शाळांत परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यभर ती सक्तीची झाली. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना ती उर्दूत आणि मराठीतही तोंडपाठ आहे. अर्थाचे मात्र विचारू नका!

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी ठरवले, आठवड्याला एक तास आणि उद्देशिकेतला एक शब्द. पहिलाच शब्द 'आम्ही'. अमेरिकेची १७८७ची राज्यघटनाही याच शब्दाने सुरू होते. तिथे 'वी द पीपल' या उपक्रमात मुले लोकप्रतिनिधींसमोर बसल्यासारखी सुनावणी देतात आणि राज्यघटनेवरच्या प्रश्नांना उत्तरे देतात. आम्ही वर्गात शाळा व्यवस्थापन समितीच भरवली. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण ५० टक्के महिला असाव्या लागतात.

सातवीच्या मुली 'आई' होऊन बसल्या. एवढ्यात एकीने विचारले, "मॅडम, माझी अम्मी खऱ्या समितीत आहे. मग रजिस्टर सहीसाठी घरी का येते?"

वर्ग चिडीचूप झाला. रजिस्टर पाठवणारे आम्हीच होतो. सभा भर दुपारी ठेवायची, तेव्हा बायका कांद्याच्या खुरपणीला किंवा चुलीपाशी. कोरम भरला, कागद पुरा झाला, एवढेच आम्ही पाहत आलो.

त्या तासाला आम्ही मुलींना बेगम एजाझ रसूल यांच्याविषयी सांगितले. संविधान सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य. घटना घडली तेव्हा आपली एक बाई तिथे बसून बोलत होती, आणि आमच्या समितीतल्या बाया मात्र नुसत्या सहीपुरत्या!

पुढची सभा असरनंतर ठेवली. पाच जणी आल्या. बराच वेळ कुणी बोलेना. मग त्याच मुलीची अम्मी हळूच म्हणाली, "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत."

दोन दिवसांत कडी बसली. त्या दारासमोरून आम्ही रोज जात होतो.

भगिनींनो, तुमचे नाव समितीत असेल तर घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. आधी सभेची वेळ विचारा. वेळ गैरसोयीची असेल तर बदलून मागा. आणि भाईजान, त्या दिवशी घरचा चहा तुम्ही ठेवा. उद्देशिकेतल्या त्या 'आम्ही'त घरची बाईही आहे, हे मुलांना पुस्तकाआधी घरातच दिसले पाहिजे.