वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही

बिदरहून हौसेनं आणलेली बिद्रीची डबी कपाटात दोन-चार वर्षं पडून राहिली की तिच्यावरची चांदीची वेलबुट्टी आधी मळकट आणि मग काळपट होत जाते. बिद्रीचं काळं अंग कारागीर मुद्दाम घडवतो. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूला बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावून तो हा रंग आणतो, आणि त्या मिश्रणानं चांदीला काहीच होत नाही. मग पुढे चांदी काळी पडते कशानं? हवेत अगदी नावापुरत्या असलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं. त्यातलं गंधक चांदीला धरतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो.

घरात या वायूचा उपद्रव एवढाच. चांदी घासूनपुसून घेतली की भागतं. पण हाच वायू टाकीच्या, हौदाच्या किंवा गटाराच्या तळाशी साचला, तर धडधाकट माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. कुजक्या अंड्यासारखा वास, पेट घेण्याचा गुण आणि सायनाइडच्या जातीचं विष, हे तिन्ही त्याच्यात एकत्र आहेत. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत तो परका नाही. भालकी, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर हा उसाचा पट्टा आहे, आणि साखरेच्या मागोमाग हा वायू येतोच.

कसा येतो ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ आणि पांढरा करायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्या गंधकाचा काही भाग सल्फेटच्या रूपात मळीत उतरतो. उसाचं स्वतःचं सल्फेट असतंच, आंबवताना सल्फ्युरिक आम्ल घातलं तर त्याचीही भर पडते. मळीपासून अल्कोहोल काढलं की मागे उरतो तो काळा, दाट स्पेंट वॉश. जुन्या पद्धतीत एक लिटर अल्कोहोलमागे असं १२ ते १५ लिटर पाणी निघे. हे पाणी बंद डायजेस्टरमध्ये कुजवून त्यातून बायोगॅस काढतात. तिथे प्राणवायू नसतो, पण प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू असतात. आपण श्वासाला प्राणवायू वापरतो, तसे यांतले काही सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. स्पेंट वॉशच्या बायोगॅसमध्ये त्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन भागांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे साखर पांढरी करायला जाळलेल्या गंधकातलं थोडं शेवटी या रूपानं समोर येतं.

घरामागची सेप्टिक टाकी, शहरातलं मॅनहोल, कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा (ईटीपीचा) गाळाचा हौद, प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्याचा किंवा शेणाचा बायोगॅस खड्डा, सगळीकडे हेच जिवाणू कामाला असतात. फरक फक्त प्रमाणाचा.

आता वासाकडे येऊ, कारण सगळा घात तिथेच होतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूच्या एका भागाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ०.०१ पीपीएम असला तरी बहुतेकांना वास येतो. इतकं तीक्ष्ण नाक असताना भीती कशाची, असं कुणालाही वाटेल. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वासाची जाणीवच बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला आधी भपकारा येतो, मग वास कमी झाल्यासारखा वाटतो आणि शेवटी येईनासा होतो. वर उभ्या मुकादमाला तो ओरडून सांगतो, ‘गेला वास, आता बरं आहे.’ नेमकं तेव्हाच पाणी गळ्याशी आलेलं असतं. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस पाच मिनिटांत झोकांड्या खात पडतो. हजारच्या वर गेलं तर जागच्या जागी. रक्तात प्राणवायू असतो, पण तो वापरणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरालाच हा वायू जखडून टाकतो, त्यामुळे पेशींना तो वापरता येत नाही. सायनाइड हेच करतं.

नाकावर भरवसा नको, तर कशावर ठेवायचा? या भागातल्या जुन्या माणसांकडे एक उत्तर होतं. जोंधळा जमिनीखालच्या पेवात साठवायचे. कन्नडमध्ये त्याला हगेवू म्हणतात. पेव उघडल्यावर थेट आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं. ही रीत शहाणपणाची होती. साठलेलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू कमी होतो, कर्बवायू साचतो आणि ज्योत विझते. पण हाच कंदील सेप्टिक टाकीत किंवा बायोगॅसच्या खड्ड्यात सोडणं घातक आहे. ५०० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेतही कंदील शांतपणे जळत राहील, कारण त्याला लागणारा प्राणवायू तिथे आहे. आणि मिथेन साचलेला असेल तर ती ज्योत स्फोटच घडवेल. पेवाचा नियम पेवापुरताच खरा.

हायड्रोजन सल्फाइड स्वतःही पेट घेतो. हवेत सुमारे ४.३ टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि जळून सल्फर डायऑक्साइडचा घसा जाळणारा धूर होतो. ४.३ टक्के म्हणजे ४३,००० पीपीएम. आग लागण्याच्या कितीतरी आधी माणूस मेलेला असतो, म्हणून आगीचा धोका थोडा मागे पडतो. पण लोखंडी डायजेस्टर आणि टाक्यांच्या बाबतीत एक गोष्ट सुपरवायझरनं विसरू नये. या वायूनं आतल्या गंजाचं आयर्न सल्फाइड होतं. टाकी रिकामी करून झाकण उघडलं, बाहेरची हवा आत शिरली, की ही काळी खपली आपोआप तापते आणि कुणी काडी न ओढताही पेटू शकते. टाकी उघडताना तो थर पाण्यानं ओला ठेवायचा, तो याचसाठी.

दुसरा सापळा गाळाचा. हा वायू पाण्यात विरघळतो आणि गाळात दडून राहतो. वरून वायू मोजणारा मीटर सोडला तर आकडा शून्य दिसू शकतो. फावडं गाळात घातलं, काठीनं ढवळलं, की सोड्याची बाटली हलवल्यासारखा तो एकदम उसळतो. त्यात आम्ल पडलं तर आणखी वाईट. सल्फाइड असलेल्या अल्कधर्मी पाण्यात आम्लाचं पाणी मिसळलं की विरघळलेलं सगळं वायू होऊन बाहेर येतं. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधं आणि रसायनं बनवणारे कारखाने आहेत. अशा ठिकाणी कुठलं सांडपाणी कुठल्या नळातून जातं, हा जिवाचा प्रश्न असतो. टाकाऊ रसायन टँकरनं नेऊन नाल्यात सोडणं तर गुन्हाच आहे. ६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधलं रसायन नाल्यात सोडलं जात असताना विषारी वायू निघाला आणि जवळ झोपलेल्यांसह सहा कामगार गेले.

गावात सुटणारा भपकारा आणि टाकीतला मृत्यू यांत मात्र गल्लत करू नये. शिवारात वाऱ्यावर येणारा वास बहुधा पीपीएमच्या अंशात असतो. त्यानं डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही. हा त्रास खरा आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. गाळपाचा हंगाम थंडीचा. वारा पडलेल्या पहाटे हवेपेक्षा जड असलेला हा वायू सखल भागात रेंगाळतो, म्हणून वास तेव्हा जास्त जाणवतो. मोठ्या गळतीत हीच पहाट घात करते. २४ नोव्हेंबर १९५० ला मेक्सिकोतल्या पोझा रिका इथे वायू शुद्धीकरणाच्या कारखान्यातून तो सुटला आणि शेजारच्या वस्तीत २२ माणसं मेली. पण आपल्याकडे माणसं बहुतेक मरतात ती खड्ड्यात.

जानेवारी २०२१ मध्ये कलबुर्गी शहरात मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरून गेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच जण गेले. अशा बातम्यांत मेलेले एक नसतात, दोन, तीन, पाच असतात. का? एक पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मेहुणा. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेनं १९८६ मध्ये बंदिस्त जागांमधले मृत्यू तपासले, तेव्हा ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला धावलेले निघाले. माणुसकीनं उडी घेतलेली माणसं हातची जातात, हे वाचून माझा जीव तुटतो.

यावर काय करायचं ते कधीचं ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ नं लिहून ठेवलं होतं की, जाणकार व्यक्तीनं हवा तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनसंच आणि पट्टा-दोर बांधल्याशिवाय अशा जागेत कुणी उतरू नये, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात या वायूची आठ तासांच्या कामाची मर्यादा १० पीपीएम होती. गटारं आणि सेप्टिक टाक्यांत माणूस उतरवून धोकादायक सफाई करायला हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. यंत्रानं होणारं काम यंत्रानंच करावं. कारखान्यात माणूस उतरवणं खरोखर अटळ असेल, तर चार वायू मोजणारा मीटर दोरीनं वर, मध्ये आणि तळाशी सोडून बघावा, काम चालू असेपर्यंत ब्लोअर चालू ठेवावा, मीटर कामगाराच्या छातीवर असावा. नाकाला बांधलेला ओला पंचा किंवा साधा मास्क या वायूपुढे काहीच कामाचा नाही.

आणि कुणी पडलाच, तर वरच्या माणसानं खाली उतरायचं नाही. दोर ओढायचा, ब्लोअर लावायचा, ११२ ला फोन करायचा. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधलेलाच माणूस आत जाईल. बाहेर काढल्यावर मोकळी हवा, ऑक्सिजन आणि लगेच दवाखाना. उठून बसला म्हणून घरी पाठवू नये, कारण फुप्फुसात पाणी नंतरही भरू शकतं.

या जिल्ह्यांत एकाच पाळीत कन्नड, मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि लमाणी बोलणारी माणसं काम करतात. कारखानदार, ठेकेदार आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे: हौदाच्या तोंडाशी फलक लावाल तो यांना वाचता येईल अशा भाषांत लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना दर पाळीच्या सुरुवातीला तोंडानं सांगा. दोन वाक्यं पुरे आहेत. वास येईनासा झाला तर ताबडतोब बाहेर या. आणि आत पडलेला सख्खा भाऊ असला तरी मागोमाग उतरू नका, दोर ओढा.