विश्लेषण : घरच्या इंटरनेटसाठी ‘व्हीपीएन’ खरेच हवे का?

‘व्हीपीएन नसेल, तर तुमचे सगळे व्यवहार कोणीही पाहू शकतो,’ अशा धाटणीच्या जाहिराती यूट्यूबवर सतत दिसतात. घरी फायबरचे कनेक्शन, चार मोबाइल, एक स्मार्ट टीव्ही आणि यूपीआयचे रोजचे व्यवहार असलेल्या कुटुंबाला त्या पाहून धास्ती वाटणे साहजिक आहे. मग कोणी वर्षाला हजारो रुपये मोजतो, तर कोणी फुकटातले ॲप उतरवून घेतो. यातला दुसरा मार्ग अनेकदा अधिक धोक्याचा ठरतो.

व्हीपीएन नेमके काय करते?

व्हीपीएन म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’. कार्यालयाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात सुरक्षितपणे शिरता यावे, हा त्याचा मूळ उपयोग. करोनाकाळात घरून काम करणाऱ्यांना त्याची ओळख झाली ती याच कारणाने. व्हीपीएन सुरू केल्यावर मोबाइल किंवा संगणकापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कूटबद्ध मार्ग तयार होतो. आपली सारी माहिती आधी त्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे इच्छित संकेतस्थळावर. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. संकेतस्थळाला आपला खरा आयपी पत्ता दिसत नाही आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणते संकेतस्थळ उघडले हे कळत नाही.

मग व्हीपीएनशिवाय सगळे उघडे असते का?

नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी ही भीती बऱ्याच अंशी खरी होती. आता बँका, यूपीआय, ईमेल, सरकारी सेवा आणि बहुतेक सर्व संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ ही कूटबद्ध पद्धत वापरतात. हे बंद पाकिटातल्या पत्रासारखे आहे. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर नाही. इंटरनेट कंपनीला तुम्ही एखाद्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडल्याचे कळू शकते. कोणत्या आजाराची माहिती वाचली किंवा कोणता पासवर्ड टाकला, हे कळत नाही. व्हीपीएन हे पाकीट आणखी एका पाकिटात घालते आणि त्यावर स्वत:चा पत्ता लिहिते. म्हणजे इंटरनेट कंपनीपासून जे लपले, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागते. विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो. व्हीपीएनमुळे बदलते ती फक्त विश्वास ठेवण्याची जागा.

फुकट व्हीपीएन का महागात पडते?

जगभर सर्व्हर चालवायला पैसा लागतो. ग्राहक तो देत नसेल, तर कंपनी तो अन्य मार्गाने मिळवते. फेसबुकने २०१३ मध्ये ‘ओनावो’ ही इस्रायली कंपनी विकत घेतली. ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे तिचे व्हीपीएन ॲप माहितीचे रक्षण करण्याच्या नावाखाली मोफत दिले जात होते. प्रत्यक्षात वापरकर्ते कोणती ॲप किती वेळ वापरतात, याची माहिती फेसबुकच्या व्यावसायिक उपयोगासाठी गोळा होत होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधून हटले. याच प्रकरणी जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ‘होला’ या मोफत सेवेचा प्रकार २०१५ मध्ये उघड झाला. तिच्या वापरकर्त्यांचेच इंटरनेट दुसऱ्यांच्या वापरासाठी विकले जात होते. अशा वेळी तिसऱ्याच कोणाच्या उद्योगात आपला आयपी पत्ता अडकू शकतो.

भारतात कायदा काय सांगतो?

व्हीपीएन वापरणे भारतात सर्वसाधारणपणे बेकायदा नाही. मात्र त्याआडून केलेला गुन्हा हा गुन्हाच असतो आणि जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी त्यावर तात्पुरती बंदी घातली आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांसाठी निर्देश काढले. त्यानुसार ग्राहकाचे खरे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेला आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद पाच वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. कार्यालयीन व्हीपीएनना यातून वगळण्यात आले. याला विरोध म्हणून एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क आणि प्रोटॉन यांनी भारतातील सर्व्हर हटवले. ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही’ हा दावा वाचताना ही पार्श्वभूमी लक्षात असायला हवी.

परदेशातील नियम निराळे असतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत म्हणून गावी बोलण्यासाठी अनेक जण व्हीपीएन वापरतात. मात्र तेथे गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. दुबईतील नातेवाइकाला ॲप सुचवण्याआधी हे माहीत असलेले बरे.

कोणत्या फसवणुकीपासून व्हीपीएन वाचवत नाही?

सर्वसामान्यांचे पैसे ज्या मार्गांनी जातात, त्यांपैकी जवळपास कोणत्याच नाही. वीजबिल थकल्याचा संदेश, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाइल, ‘केवायसी’साठी आलेला फोन, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी या सगळ्यांत माणूस स्वत:च ओटीपी सांगतो, ॲप उतरवतो किंवा पैसे पाठवतो. मार्ग कितीही सुरक्षित असला, तरी पैसे चोराच्याच दारात पोहोचतात. गूगल किंवा इन्स्टाग्रामवर लॉगइन केले असेल, तर व्हीपीएन असूनही त्यांना तुम्ही कोण हे ठाऊक असते. शिवाय व्हीपीएनमुळे वेग कमी होऊ शकतो आणि काही बँकांची ॲप ते सुरू असताना चालतच नाहीत.

मग ते कोणाला हवे?

कार्यालयाने दिलेले व्हीपीएन कामासाठी वापरावेच. हॉटेल, विमानतळ अशा अनोळखी वायफायवर वारंवार काम करणारे, संवेदनशील माहिती हाताळणारे पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते आणि आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हे इंटरनेट कंपनीलाही कळू नये असे वाटणारे यांना सशुल्क सेवेचा उपयोग होतो. सेवा निवडताना कंपनी कोणत्या देशातील आहे, तिची मालकी कोणाकडे आहे आणि नोंदी न ठेवण्याच्या दाव्याची तपासणी त्रयस्थ संस्थेने केली आहे का, हे पाहावे. प्रवासातल्या एखाद्या बँक व्यवहारापुरता प्रश्न असेल, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरणे पुरेसे आहे.

घरी आधी काय करावे?

कनेक्शन बसवून देणारा केबलवाला अनेकदा राउटरचा मूळ ‘ॲडमिन’ पासवर्ड तसाच ठेवून जातो. तो आधी बदलावा. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. वायफायसाठी ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ सुरक्षा निवडावी. राउटर आणि फोनचे अपडेट टाळू नयेत. ईमेल आणि समाजमाध्यमांना द्विस्तरीय पडताळणी लावावी. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढील फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. ती सुरू केल्यास संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची विनंतीही कूटबद्ध होते. यातील कशालाही पैसे लागत नाहीत. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

व्हीपीएन घ्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : आपल्याला नेमके कोणापासून काय लपवायचे आहे? त्याचे स्पष्ट उत्तर असेल, तर पैसे मोजून चांगली सेवा घ्यावी. उत्तर केवळ ‘जाहिरातीत पाहिले म्हणून’ एवढेच असेल, तर पैसे वाचवावेत आणि राउटरचा पासवर्ड आजच बदलावा.