नांगरलेला बोया

भूमीवरील वेधशाळेस पाया असतो. भर समुद्रातील वेधशाळेस तो लाभत नाही. तेथे नांगरून ठेवलेला बोया हाच आधार होय. वारा, हवेचा दाब, तापमान व लाटा यांची मोजमापे घेऊन तो उपग्रहामार्फत किनाऱ्याकडे धाडतो. भारतात हा कार्यक्रम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने १९९६ साली हाती घेतला.

तीन किलोमीटर खोल पाण्यात बोया साध्या दोराने ताठ बांधला, तर मोठ्या लाटांच्या हिसक्यांनी दोर तुटण्याचा धोका असतो. म्हणून दोर खोलीपेक्षा लांब घेतात. परंतु समुद्र शांत असता हा सैल दोर तळावर घासेल, किंवा बोयाभोवती गुरफटेल. यावरील युक्ती साधी आहे. दोराचा वरचा भाग नायलॉनचा असतो. तो पाण्याहून जड असल्यामुळे खाली झुकतो. खालचा भाग पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो हलका असल्यामुळे वर उचलला जातो. परिणामी सैल दोर मधल्या पाण्यात वळसा घेऊन अधांतरी राहतो आणि वादळात उलगडून बोयास मोकळीक देतो.

लाटा सोसणारा हा दोर मनुष्यापुढे मात्र हरतो. बोयाच्या आश्रयास मासे जमतात; त्यांच्यामागे नौका येतात, जाळी अडकतात, दोर कापले जातात, यंत्रेही नाहीशी होतात. चक्रीवादळाच्या वाटेवरील बोया असा मुका झाला, की ज्या कोळ्यांना वेळेवर इशारा मिळावयाचा, त्यांचाच एक पहारेकरी हरपतो.